शाळेच्या छपरासाठी पेपरला पत्र लिहायचंय

प्रश्न : सर, नमस्कार. आमची वाडी कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटाकडच्या डोंगरपट्ट्यात आहे. गावात जिल्हा परिषदेचं विद्या मंदिर आहे, पहिली ते चौथी, पट ३८. दोन खोल्या. त्यातल्या कौलारू खोलीचे वासे कुजलेत, पावसात पाणी सरळ आत येतं, म्हणून गेल्या जुलैपासून ती कुलूपबंद आहे. चारही वर्ग एका खोलीत बसतात. दोन गुरुजींपैकी एकांना दिवाळीनंतर दुसऱ्या शाळेवर कामगिरीवर पाठवलंय. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शाळेला निधी द्या असं पेपरात लिहावं म्हणून तीन पानं लिहून काढलीत, ती सोबत जोडलीत. पण दीर म्हणतात, "पेपरात छापून काय हुतंय? उगंच गुरुजींच्या मागं लचांड लागंल." शिवाय माझा मोठा मुलगा तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जातो, धाकटी मात्र इथंच दुसरीत आहे. लोक म्हणतील, हिचं पोरगं तिकडं आणि पत्र इकडच्या शाळेचं. लिहू का नको?
– एक आई

उत्तर :

ताई,

लिहा. आणि जानेवारी संपायच्या आत लिहा.

घाई करायला सांगतोय त्याला कारण आहे. जिल्ह्याच्या पैशाचं गणित याच दोन-तीन महिन्यांत मांडलं जातं. जिल्हा नियोजन समिती पुढच्या वर्षाचा आराखडा आता ठरवते, जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मार्चपर्यंत येतं, आणि चालू वर्षात ज्या कामांचे पैसे खर्च झालेले नसतात त्यांचं पुनर्विनियोजन फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं. म्हणजे एका कामाचे उरलेले पैसे दुसऱ्या तयार कामाकडे वळवतात. तुमच्या खोलीचा कागद तयार असेल तर ३१ मार्चच्या आत तिचा नंबर लागू शकतो. हेच पत्र जुलैमध्ये, पाणी गळत असताना लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाईट वाटेल, पण तेव्हा कुणाच्या हातात द्यायला पैसा नसेल.

आता तुमची तीन पानं. वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहाराच्या पानाचं काम मी केलेलं आहे, त्यामुळे मोकळेपणानं सांगतो. तुमचं पत्र दुसऱ्या पानाच्या मध्यावर सुरू होतं. तिथं तुम्ही लिहिलंय : "जोराचा पाऊस लागला की गुरुजी चौथीच्या पोरांना भिंतीकडं तोंड करून बसवतात, म्हणजे पहिलीच्या बारक्यांना फळा दिसतो. चौथीची पोरं ऐकून ऐकून लिहितात." ताई, हे वाक्य मी दोनदा वाचलं. संपादकही दोनदा वाचेल. शाळेत न गेलेल्या माणसाला हे सुचणार नाही, आणि निधीची गरज सांगायला यापेक्षा मोठं विशेषण लागत नाही. त्याच्या आधीचं सगळं, म्हणजे "राजर्षी शाहू महाराजांच्या पावन भूमीत" पासून "शिक्षण हा समाजाचा कणा" पर्यंतचं दीड पान, काढून टाका.

शाहू महाराजांचं नाव घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्याच, पण त्यांनी काय केलं ते सांगून घ्या. १९१७ साली त्यांनी करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. हा दंड सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याची दुसरी बाजू भाषणांत क्वचित येते : दंड घ्यायचा तर आधी गावोगावी शाळा उघडायला हवी, मास्तर नेमायला हवा, आणि तो खर्च दरबारनं पत्करला होता. पुढं १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूमही त्यांनी काढला. कोल्हापुरात सरकारी शाळेसाठी पैसे मागणारा माणूस इथल्या राज्यकर्त्यानं शंभर वर्षांपूर्वी मान्य केलेली जबाबदारी आठवून देत असतो. पत्रात हे एका वाक्यात येऊ द्या, पण शेवटाकडं. सुरुवात तुमच्या खोलीनंच करा.

तिसऱ्या पानावर तुम्ही छप्पर, शिक्षक, स्वच्छतागृह, संगणक, येण्याचा रस्ता आणि शाळा बंद होणार ही अफवा, एवढं सगळं मागून शेवटी लिहिलंय, "तरी शासनाने लक्ष घालावे ही नम्र विनंती." शासन म्हणजे नेमकं कोण? पंचायत समितीला वाटेल हे जिल्हा परिषदेसाठी आहे, जिल्हा परिषदेला वाटेल मुंबईसाठी, आणि मुंबईत तुमच्या जिल्ह्याचं पान कुणी उघडणार नाही. एक काम मागा, आणि ज्याच्या हातात त्या कामाची किल्ली आहे त्याच्याकडं मागा. तुमच्या बाबतीत ते काम म्हणजे खोली.

मग खोलीचा पैसा कुठून येतो ते नीट माहीत हवं. शाळेला समग्र शिक्षा योजनेतून दर वर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं. ३१ ते १०० पटाच्या शाळेला निकषाप्रमाणे ते २५ हजार रुपये असतं. वीजबिल, खडू, रजिस्टर, नळाची तोटी, किरकोळ डागडुजी सगळं त्यातच, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. यातून वासे बदलत नाहीत. म्हणून "शाळेचं अनुदान वाढवा" अशी मागणी केलीत तर उत्तर येईल की अनुदान निकषाप्रमाणे दिलेलं आहे, आणि ते खरंही असेल. छपराचा पैसा वेगळ्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या वेगळ्या खात्यातून येतो. जिल्हा वार्षिक योजनेत प्राथमिक शाळांच्या दुरुस्तीसाठी आणि नव्या वर्गखोल्यांसाठी तरतूद असते. ती जिल्हा नियोजन समिती ठरवते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. थोडाफार पैसा जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतूनही येतो.

पत्र लिहिण्याआधी मुख्याध्यापकांकडून एक गोष्ट नक्की करून घ्या, कारण इथंच बऱ्याच गावांची गाडी अडते. तुमच्या खोलीचा प्रस्ताव दुरुस्तीचा गेलाय की निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडून टाकण्याचा? दुरुस्तीचा असेल तर अभियंत्यानं काढलेलं अंदाजपत्रक जोडलेलं असायला हवं. निर्लेखनाचा असेल तर आधी ती खोली पाडायला मंजुरी, मग नव्या खोलीची मागणी, असा तो प्रवास आहे. फाईल निर्लेखनाची आणि तुमचं पत्र दुरुस्तीचं, असं झालं तर कार्यालय एका ओळीत कळवेल की सदर खोली दुरुस्तीयोग्य नाही, आणि पेपरात तो खुलासा तुमच्या पत्राच्या खाली छापून येईल. प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला आणि आवक क्रमांक (कार्यालयानं कागद घेताना दिलेला नोंदीचा नंबर) काय, हे दोन्ही लिहून घ्या.

हे विचारताना संकोच करू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २१ सांगतं की मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा होतो यावर लक्ष ठेवणं हे शाळा व्यवस्थापन समितीचं काम आहे. कलम २२ त्याहून महत्त्वाचं : समितीनं शाळा विकास आराखडा करायचा, आणि शासनानं किंवा स्थानिक प्राधिकरणानं द्यायच्या अनुदानाचा आधार तो आराखडा असेल. बऱ्याच शाळांत हा आराखडा वर्षाच्या सुरुवातीला घाईत भरला जातो, सदस्य सही करतात आणि तो कपाटात जातो. तुमच्या आराखड्यात ही खोली आहे का ते बघा. असेल तर पत्रात तसं लिहा. नसेल तर समितीची बैठक लावून घाला, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठरावही करून घ्या. तालुक्याच्या कार्यालयातून प्रस्तावाची तारीख मिळेनाच तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. पण ती वेळ बहुधा येणार नाही.

आता दिरांचं म्हणणं. त्यांची शंका निम्मी बरोबर आहे, म्हणून तिचं उत्तर नीट देतो.

पेपरात छापून काय होतं, तर सरकारी कार्यालयांत कात्रणं काढली जातात. ज्या कामाबद्दल छापून आलं त्या कामाची फाईल निघते आणि खालच्या कार्यालयाकडं खुलासा मागवला जातो. तुमचा अर्ज एका टेबलावर पडून राहू शकतो, कारण तो तिथं आहे हे फक्त तुम्हाला आणि त्या टेबलाला ठाऊक असतं. कात्रण वरून खाली येतं. हमखास पैसे मिळतात असं मी सांगणार नाही. पण शंभर शाळांच्या यादीतून दहा निवडायच्या असतात तेव्हा ज्या शाळेचं नाव आठवतं तिला फायदा होतो, हे उघड आहे.

आणि लचांड? तेही खरं आहे. तो खुलासा घसरत घसरत शेवटी मुख्याध्यापकांच्याच हातात येतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. प्रशासनावर टीका करणारं काही त्यांना पेपरात लिहिता येत नाही, आणि पालकांच्या आडून लिहिलं असा संशय आला तरी त्यांना त्रास होतो. म्हणून हे पत्र शंभर टक्के तुमचं असू द्या. गुरुजींकडून शुद्धलेखन तपासून घेऊ नका, शाळेच्या ई-मेलवरून पाठवू नका, "आमचे गुरुजी म्हणाले" असं कुठंही लिहू नका. तारीख आणि आवक क्रमांक समितीच्या बैठकीत विचारा, म्हणजे तो इतिवृत्तात येतो आणि तुम्हाला कुठून कळलं हा प्रश्न उरत नाही. सही करताना पालक म्हणून करा. "शाळा व्यवस्थापन समिती" असं खाली लिहायचं असेल तर आधी समितीचा ठराव हवा. आणि एक ओळ गुरुजींच्या बाजूनं जरूर घाला, की एक शिक्षक चार वर्ग एकटे सांभाळतायत. छापून आलेली ही ओळ पुढं त्यांच्या कामी येईल.

मोठ्या मुलाचं. तुमच्या पत्रात हे शेवटी, लाजत लाजत आलंय. मी म्हणेन, ते छापायच्या मजकुरात घ्या. त्याला का हलवलं तेही तुम्ही लिहिलंय : तो तिसरीत असताना वर्षभर एकच शिक्षक होते, त्याचं वाचन मागं पडलं, म्हणून चौथीला तिकडं घातलं. याच्यात लपवण्यासारखं काही नाही. शाळेतून मुलं का जातात याचा हा पुरावाच आहे. "पट कमी, मग खर्च कशाला?" असं विचारणाऱ्याला उलटा क्रम दाखवता येतो. आधी शिक्षक गेले, मग मूल गेलं. आई तीच, गाव तेच. एक मूल गेलं आणि दुसरं अजून इथं आहे, हे सांगणाऱ्या बाईला शाळेबद्दल बोलण्याचा अधिकार कुणी नाकारू शकत नाही. तुम्ही आधीच सांगितलंत की टोमणा मारायला जागाही उरत नाही.

लोकांना सरकारी शाळा नकोच असते, असं कुणी म्हणालं तर कोल्हापुरातच दाखला आहे. जरगनगरातल्या महापालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून पालक रांग लावतात. खोल्या, शिक्षक आणि शिकवणं धड असेल तर कोल्हापूरचा माणूस फी नसलेल्या मराठी शाळेच्या दारात रात्र काढतो. वाडीवस्तीवरच्या पालकाची इच्छा काही वेगळी नाही.

गावानंच वर्गणी काढावी, असं सांगणारेही भेटतील. आपल्याकडं गावांनी शाळांना रंग दिलाय, टीव्ही घेतलेत, कंपाऊंड बांधलीत, आणि ते चांगलंच आहे. पण छप्पर आणि शिक्षक वर्गणीतून येऊ लागले तर ज्या वाडीत वर्गणी निघत नाही तिथल्या मुलांनी कुठं बसायचं? या एका मुद्द्यावर मागं हटू नका. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हा शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतला निकष आहे. तो कुणाची मेहेरबानी म्हणून लिहिलेला नाही. "नम्र विनंती" च्या जागी "मागणी" लिहा.

कोठारी आयोगानं राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं होतं आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही सहा टक्क्यांचं तेच उद्दिष्ट धरलंय. तुम्ही हे शोधून काढलंत याचं कौतुक वाटलं. पण दोनशे शब्दांच्या पत्रात त्याला जागा देऊ नका. ते मोठ्या लेखाचं काम आहे.

कामगिरीवर गेलेल्या गुरुजींसाठी महिन्याभरानं दुसरं पत्र लिहा. तिथं कायदा तुमच्या बाजूला फार स्पष्ट उभा आहे. पाचवीपर्यंतच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक हवेत. आणि कलम २५ म्हणतं की हे प्रमाण राखण्यासाठी एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात काम करायला लावू नये. अपवाद जनगणना, निवडणूक आणि आपत्तीच्या कामाचा. पत्राच्या आधी हे कलम लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीचा अर्ज द्या, पोच घ्या. कदाचित पत्राची गरजच पडणार नाही. दोन्ही विषय एका पत्रात घातलेत तर शिक्षकाची तात्पुरती सोय करून खोलीचा विषय मिटवला जाईल.

तुमच्याच शब्दांतून मी एक मसुदा जुळवलाय. रिकाम्या जागा भरा, खटकेल तिथं बदला.

"संपादक महोदय,

आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या विद्या मंदिरात पहिली ते चौथीची ३८ मुलं एकाच खोलीत शिकतात. दुसऱ्या खोलीचे वासे कुजल्यामुळे ती गेल्या जुलैपासून बंद आहे. तिच्या दुरुस्तीचा प्रस्ताव … रोजी पंचायत समितीत दाखल झाला असून अंदाजित खर्च … रुपये आहे. चालू वर्षाच्या पुनर्विनियोजनातून, ते न जमल्यास पुढील वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेतून, हे काम मंजूर करावं, अशी जिल्हा नियोजन समिती आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे मागणी आहे.

जोराचा पाऊस लागला की चौथीची मुलं भिंतीकडं तोंड करून बसतात, म्हणजे पहिलीच्या मुलांना फळा दिसतो. सध्या एक शिक्षक चारही वर्ग एकटे सांभाळतात. माझा मोठा मुलगा याच शाळेत होता. तिसरीत वर्षभर एकच शिक्षक असल्यानं तो मागे पडला आणि आम्हाला त्याला तालुक्याला घालावं लागलं. धाकटी अजून इथेच आहे आणि तिला इथेच शिकवायची माझी इच्छा आहे.

प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली हा कायद्याचा निकष आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली मुलं शाळेत पाठवण्याची सक्ती केली तेव्हा शाळेचा खर्चही दरबारनं उचलला होता. आम्ही मुलं पाठवतोय. खोली द्यावी.

– (नाव, गाव, तालुका)"

मागणी पहिल्याच परिच्छेदात ठेवलीय ती मुद्दाम. जागा कमी पडली की पानावर बसलेला माणूस खालून कापत येतो. तेव्हा शाहू महाराज गेले तरी चालतील, मागणी जाता कामा नये.

पाठवायच्या बारीकसारीक गोष्टी : मोबाईलवर युनिकोडमध्ये टाईप करा, कागदाचा फोटो पाठवू नका, तो परत टाईप करायला कुणाला वेळ नसतो. पूर्ण पत्ता आणि फोन नंबर मजकुराच्या खाली वेगळा लिहा. तो छापत नाहीत, खात्री करायला लागतो. 'सकाळ', 'पुढारी', 'लोकमत', जो पेपर तुमच्या भागात जास्त वाचला जातो त्याच्या कोल्हापूर आवृत्तीला आधी द्या. एकच पत्र सगळ्यांना एकाच दिवशी पाठवू नका. आठवडाभरात आलं नाही तर दुसऱ्याला द्या. फोटो जोडायचा तर बंद खोलीच्या छपराचा जोडा, मुलांचे चेहरे नकोत.

छापून आलं की कात्रणाच्या तीन झेरॉक्स काढा. एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात नागाळा पार्कला, एक जिल्हाधिकारी कार्यालयात नियोजन शाखेला. प्रत्येकीला ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि तुमचा चार ओळींचा अर्ज जोडा, पोच घ्या, आणि पोच समितीच्या फाईलला लावा. काम मंजूर झालं तर त्याच पेपरला दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवा, त्यात मंजूर रक्कम लिहा, म्हणजे ती सगळ्या गावाला कळेल आणि कामावर गावाची नजर राहील. मार्चपर्यंत काहीच हललं नाही तर २६ जून, शाहू जयंतीच्या आधी चार दिवस, दुसरं पत्र तयार ठेवा. पहिल्या पत्राची तारीख त्यात पहिल्या ओळीत घाला.

मसुदा मला परत दाखवायला थांबू नका. प्रस्तावाची तारीख हातात आली की थेट पेपरला पाठवा.